उच्चारशिक्षक पॉल पासी

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत एक भयंकर हकीकत आहे. गिलादी लोकांनीं यार्देन नदीचे उतार अडवून धरिले आणि पळून जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडून ते एकच शब्द म्हणवून घेऊं लागले. त्या शब्दाच्या आरंभीं ‘श’ होता. एफ्राईमी मनुष्याच्या तोंडून त्याऐवजीं ‘स’ निघे, आणि तेवढ्यावरून त्याचा वध होई. त्या वेळीं ४२,००० एफ्राईमी पडले. आज तशी तलवार कोणी उपशीत नाहीं. परंतु परक्या भाषेंतील शब्द चुकीचा उच्चारणाऱ्यास हंसण्याची चाल मात्र अद्यापि गेलेली नाहीं. उच्चार हें माणसांना दूर लोटण्याचें साधन न राहतां जवळ आणण्याचें साधन व्हावें म्हणून ज्यांनीं जन्मभर श्रम केले, अशा एका शिक्षकाचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सादर करीत आहों.

पॉल पासी यांचा जन्म फ्रान्समधील व्हर्साय येथें ता. १३ जानेवारी १८५९ रोजीं झाला. त्यांचे वडील फ्रेदेरिक पासी हे अर्थशास्त्रज्ञ असून शांततेचे मोठे पुरस्कर्ते होते. शांततेचें पहिलें नोबेल पारितोषिक १९०१ सालीं आंरी ड्यूनां व ते या उभयतांस विभागून मिळालें. अशा घरांत वाढलेल्या पॉलला इंग्रजी, जर्मन व इटालियन ह्या भाषा लहानपणींच अवगत झाल्या. पुढें पॅरिस येथील उच्च अध्ययनाच्या विद्यालयांत त्यांनीं संस्कृत व गॉथिक ह्या प्राचीन भाषांचाही अभ्यास केला.

तरुणपणीं ख्रिस्ती श्रद्धा त्यांच्या अंतःकरणांत दृढ झाली. सैन्यांत शिरणें त्यांच्या विवेकबुद्धीस पटेना. त्या काळीं फ्रान्समध्यें तरुणांस लष्करी नोकरी सक्तीची असे. मात्र दहा वर्षें सरकारी शाळांत शिकविण्याचें जो पत्करील त्यास तींतून सूट मिळे. पासी यांनीं बंदुकीऐवजीं खडू हातीं घेतला आणि ते इंग्रजीचे शिक्षक झाले. अनेक जण पोटासाठीं शिक्षक होतात, कांहीं आवडीनें होतात. हा मनुष्य विवेकबुद्धीच्या आज्ञेनें शिक्षक झाला.

वर्गांत त्यांस जें आढळलें तें आम्हां शिक्षकांच्या परिचयाचेंच आहे. परकी भाषा शिकविण्याची त्या वेळची रीत सर्वस्वी डोळ्यांची होती. मुलें व्याकरणाचे नियम पाठ करीत, भाषांतरें करीत, पण इंग्रज मनुष्य समोर आला म्हणजे मुकीं होत. फ्रेंच भाषेंत ‘ह’ उच्चारीत नाहींत, म्हणून ‘हाउस’चें ‘आउस’ होई. ‘थिंक’ मधील पहिला ध्वनि फ्रेंच भाषेंत नाहीं, म्हणून त्याचें ‘सिंक’ होई. त्यांत इंग्रजी स्पेलिंगची भर! ओ, यू, जी, एच हीं चार अक्षरें एका शब्दाच्या शेवटीं आलीं तर त्याचा उच्चार ‘दो’ होतो, दुसऱ्याचा ‘थ्रू’, तिसऱ्याचा ‘कॉफ’ आणि चौथ्याचा ‘टफ’. जेथें अक्षर असें फसवितें, तेथें मुलानें चूक केली तर तिचा सारा दोष त्याच्या माथीं कसा मारावा?

ह्या रीतीविरुद्ध युरोपांत असंतोष वाढत होता. जर्मनींत विल्हेल्म फीटर यांनीं १८८२ सालीं एक पुस्तिका प्रसिद्ध करून भाषाशिक्षणाची दिशाच बदलली पाहिजे असें प्रतिपादन केलें. १८८६ सालीं पासी यांनीं पॅरिस येथें समविचारी भाषाशिक्षकांचें एक लहानसें मंडळ स्थापिलें व एक छोटें पत्र सुरू केलें. त्या पत्राच्या नांवाचा अर्थ ‘ध्वनिशिक्षक’ असा होता, आणि तें नांवही नेहमींच्या स्पेलिंगनें न छापतां उच्चाराप्रमाणें छापीत.

मंडळाची शिकवण साधी होती. प्रथम नित्याच्या बोलण्यांतील भाषा शिकवावी, ग्रंथांतील मागाहून. आरंभीं मुलांच्या कानांस व जिभेस भाषेच्या ध्वनींची संवय लावावी. तोंवर नेहमींचें स्पेलिंग दूर ठेवून, प्रत्येक ध्वनीस एकच चिन्ह असलेल्या लिपींत धडे द्यावे. सुटीं वाक्यें घोकविण्यापेक्षां सलग व अर्थपूर्ण मजकूर वाचावयास द्यावा. व्याकरणाचे नियम वाचलेल्या मजकुरांतूनच मुलांकडून शोधून काढवावे.

ह्यावर आक्षेप आले. एका भाषेसाठीं मुलानें दोन लिप्या कां शिकाव्या? त्यामुळें स्पेलिंग बिघडणार नाहीं काय? हे आक्षेप अगदींच निराधार नव्हते. परंतु ही लिपि म्हणजे घर नव्हे, शिडी होय. उच्चार स्थिर झाल्यावर विद्यार्थ्यानें तीवरून नेहमींच्या लेखनाकडे जावयाचेंच असे.

प्रारंभीं ह्या लिपींतही एक उणीव होती. ‘श’ ह्या एकाच ध्वनीसाठीं इंग्रजी मजकुरांत सी हें अक्षर, तर फ्रेंच मजकुरांत एक्स हें अक्षर वापरीत. सर्व भाषांसाठीं एकच वर्णमाला असावी अशी सूचना डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांनीं १८८६ सालीं पासी यांस केली, आणि १८८८ सालीं अशी वर्णमाला प्रसिद्ध झाली. कोणत्याही भाषेंत एका ध्वनीस एकच चिन्ह हें तिचें मुख्य तत्त्व होय. १८९७ सालीं मंडळानें आंतरराष्ट्रीय हें विशेषण आपल्या नांवांत घेतलें. त्या वर्णमालेंत पुढें वेळोवेळीं सुधारणा झाल्या, तरी इंग्रजी कोशांत शब्दापुढें जीं उच्चारचिन्हें आढळतात तीं बहुधा तिच्यांतलींच असतात.

१८९४ पासून पासी आपल्या जुन्या विद्यालयांत ध्वनिशास्त्र शिकवूं लागले. १९०५-०६ मध्यें डॅनियल जोन्स नांवाचा एक इंग्रज तरुण त्यांच्याजवळ शिकावयास आला. त्यानें केंब्रिज येथें गणिताचा अभ्यास केला होता, व कायद्याचाही तो अभ्यास करीत होता. पण पासी यांच्या सहवासानें ध्वनिशास्त्र हेंच त्याचें जीवितकार्य ठरलें. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत जोन्स यांनीं तें शास्त्र भरभराटीस आणिलें, आणि त्यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ सालीं बाहेर पडला. इंग्रजांच्या भाषेच्या ह्या प्रसिद्ध उच्चारकोशकारास एका फ्रेंच शाळामास्तरानें तयार करावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पासी यांचें ख्रिस्तीपण उपासनेपुरतें नव्हतें. ते ख्रिस्ती समाजवादी होते. १९०८ च्या सुमारास ओब प्रांतांत त्यांनीं लिएफ्रा नांवाची शेतकऱ्यांची वसाहत उभारली. स्वातंत्र्य, समता व बंधुता ह्या तीन फ्रेंच शब्दांचीं आद्याक्षरें जोडून तें नांव केलेलें होतें. ता. २१ मार्च १९४० रोजीं बूर-ला-रेन येथें त्यांनीं देह ठेवला. त्या वेळीं युरोपांत दुसरें महायुद्ध पेटलेलें होतें. शांततेसाठीं झटणाऱ्या पित्याच्या ह्या पुत्रास अखेरीस पुन्हां तोफांचाच आवाज ऐकावा लागला. पण त्यांनीं पेरलेलें बीज मेलें नाहीं.

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मुखांतील स्थानांप्रमाणें लाविलेली वर्णमाला आपणांस पूर्वजांकडून आयती मिळाली आहे. तरीही ‘चार’ आणि ‘चारा’ ह्या दोन शब्दांतील ‘च’ आपण एकाच अक्षरानें लिहितों, आणि मराठी शिकणारा परका मनुष्य तेथें अडखळतो. तसाच आपला मुलगा इंग्रजींत अडखळतो. ‘थिंक’ म्हणतांना तो जीभ दांतांस दाबून आपला ‘थ’ उच्चारतो. जिभेचें टोंक दांतांशीं हलकेंच ठेवून वारा बाहेर जाऊं द्यावयाचा, हें त्यास कोणी दाखविलेलें नसतें. ‘व्हाइन’ला खालचा ओंठ वरच्या दांतांस लागतो व ‘वाइन’ला दोन्ही ओंठ गोल होतात, हें एक आरसा पुढें धरल्यास पांच मिनिटांत समजतें.

आम्हींही पूर्वीं चुकणाऱ्या मुलाकडून तोच शब्द दहा वेळां म्हणवून घेतला आहे, आणि वर्ग हंसत असतां त्यास थांबविलें नाहीं. असा मुलगा सुधारत नाहीं. तो बोलणेंच सोडतो. आज त्याची आठवण आम्हांस सुखाची वाटत नाहीं. विद्यार्थ्यांनो, वर्गांतील सोबत्याची जीभ अडखळली तर हंसूं नका. ती कोठें लावावी तें त्यास दाखवा. यार्देनेच्या उतारावर पहारा करण्यापेक्षां हात देऊन मनुष्यास पैलतीरीं नेणें हेंच ख्रिस्ताच्या शिष्यास शोभणारें काम आहे, आणि पॉल पासी यांनीं तें जन्मभर केलें.