हापसा, पिचकारी आणि सोनं : डॉ. अ‍ॅग्रिकोलाची गोष्ट

हापसा मारलेला नाही असा मुलगा आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण. दांडा खाली, पाणी वर, इतकं साधं काम. हे पाणी वर का येतं, असं सरांनी व्हायव्हात विचारलं तर आपण ठोकून देतो की आतली हवा ओढली जाते, म्हणून पाणी ओढलं जातं. सर चांगल्या मूडमध्ये असले तर पुढचा प्रश्न येत नाही आणि आपण सुटतो.

मित्रांनो, आज मी अशा एका माणसाबद्दल लिहिणार आहे, ज्याच्या काळात हे पाणी वर का येतं याचं खरं उत्तर जगात कोणालाच माहीत नव्हतं. तरीसुद्धा त्याने पंपांची अशी वर्णनं लिहिली आणि अशी चित्रं काढून घेतली, की ती समोर ठेवून आजही वर्कशॉपमध्ये पंप बनवता येईल. गंमत म्हणजे हा माणूस इंजिनिअर नव्हता. तो एमबीबीएसवाल्यांच्या जातकुळीतला, म्हणजे डॉक्टर होता! त्याचं नाव जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला.

मी त्याच्यापर्यंत पोचलो तो जरा आडवाटेने. हाताने चालणाऱ्या सक्शन पंपांची माहिती शोधताना मला कळलं की अमेरिका-ऑस्ट्रेलियात काही लोक सुट्टीच्या दिवशी ओढ्याकाठी जाऊन छंद म्हणून सोनं शोधतात. त्यांच्याकडे एक हत्यार असतं. दिसायला अगदी आपल्या रंगपंचमीच्या पिचकारीसारखं, फक्त हातभर लांब. पिचकारीचं तोंड खडकाच्या फटीत घालायचं, दट्ट्या ओढायचा आणि फटीत अडकलेला गाळ आत घ्यायचा. या पिचकारीचा खापरपणजोबा कोण, हे बघत मागे मागे गेलो तर थेट सोळाव्या शतकातल्या जर्मनीत जाऊन थांबलो.

अ‍ॅग्रिकोलाचा जन्म २४ मार्च १४९४ रोजी सॅक्सनी प्रांतातल्या ग्लाउखाऊ गावी झाला. खरं नाव गेओर्ग बाउअर. बाउअर म्हणजे शेतकरी. त्या काळी विद्वान मंडळी आपल्या नावाचं लॅटिन करून घेत, म्हणून शेतकऱ्याचा झाला अ‍ॅग्रिकोला. आडनाव पाटील आणि शिकला भाषा! कारण लायपझिग विद्यापीठातून बाहेर पडल्यावर हा गडी त्स्विकाऊ गावच्या शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवायला लागला. पुढे इटलीत जाऊन त्याने वैद्यकी शिकली. व्हेनिसमधल्या प्रसिद्ध आल्डस छापखान्यात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचे ग्रंथ छापले जात होते, त्या संपादनातही त्याने काम केलं. म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत या माणसाचा आणि यंत्रांचा काडीचा संबंध नव्हता. ब्रँच चुकली म्हणून रात्र रात्र गॅलरीत उसासे टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१५२७ साली तो योआखिमस्टाल इथे गावचा डॉक्टर म्हणून रुजू झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याचं नाव याखिमोव्ह. तेव्हा ते चांदीच्या खाणींचं नवंकोरं, धो धो चालणारं गाव होतं. तिथल्या चांदीच्या नाण्याला गावावरून योआखिमस्टालर म्हणत, त्याचं झालं टालर आणि टालरचा झाला डॉलर. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या सीझनमध्ये आपण ज्याची स्वप्नं बघतो, त्या डॉलरचं माहेर हेच.

डॉक्टरसाहेब तिथे गेले ते खनिजांमधून नवी औषधं सापडतात का हे बघायला. पेशंट तपासून उरलेला सगळा वेळ त्यांनी खाणीत आणि भट्ट्यांवर काढला. खाली उतरायचं, कामगारांना विचारायचं, हाताने माप घ्यायचं, लिहून ठेवायचं. त्या काळात विद्यापीठातला माणूस हात काळे करत नसे आणि हात काळे करणाऱ्याला लिहिता येत नसे. या दोघांच्या मध्ये अ‍ॅग्रिकोला जाऊन उभा राहिला. त्याचं मोठेपण मला इथे दिसतं.

१५३० मध्ये त्याचं खाणींवरचं पहिलं छोटं पुस्तक आलं. नंतर तो केमनिट्स गावी डॉक्टर म्हणून गेला आणि कायमचा तिथलाच झाला. पुढे तो त्या गावचा महापौरही झाला, तेही एकदा नव्हे तर चार वेळा. खनिजांचं त्यांच्या दिसणाऱ्या गुणांवरून (रंग, चमक, कठीणपणा, वजन वगैरे) वर्गीकरण करणारा त्याचा ग्रंथ १५४६ चा. या ग्रंथामुळे त्याला खनिजशास्त्राचा जनक म्हणतात. पण ज्या पुस्तकासाठी त्याने आयुष्याची वीसेक वर्षं घातली ते म्हणजे डे रे मेटॅलिका, अर्थात धातूंविषयी. बारा भाग आणि जवळजवळ २९० चित्रं.

आता आपल्या पिचकारीकडे येऊ. खाणीचा मोठा शत्रू म्हणजे पाणी. खोल जावं तसं पाणी भरतं आणि चांगली चालणारी खाण सोडून द्यावी लागते. म्हणून पुस्तकाच्या सहाव्या भागात पाणी उपसायच्या यंत्रांची रांगच आहे. त्यात ओढून पाणी काढणारे पंप सात प्रकारचे. पहिला सर्वात साधा, एका माणसाने हाताने चालवायचा. लाकडाचे ओंडके आरपार पोखरून केलेली नळी. सगळ्यात खाली भोकं पाडलेला ओंडका, म्हणजे पाणी आत येईल आणि काडी-कचरा बाहेर राहील. त्यावर झडप. वरून येणाऱ्या दांड्याच्या टोकाला भोकं असलेली चकती आणि तिच्यावर कातड्याचं झाकण. दांडा वर ओढला की झाकण बसतं आणि पाणी चढतं, खाली दाबला की झाकण उचलतं आणि पाणी चकतीच्या वर येतं. आपल्या पुस्तकातला रेसिप्रोकेटिंग पंप आणि हा, यात फरक फक्त मटेरियलचा!

चित्रात प्रत्येक भागाला अक्षर दिलंय आणि खाली यादी. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट : त्याच चित्रात एक माणूस गिरमिट घेऊन ओंडका पोखरताना दाखवलाय. म्हणजे पंप कसा दिसतो एवढंच नाही, तो बनवायचा कसा हेही त्याच पानावर. आपल्या सबमिशनच्या ड्रॉइंगमध्ये हे कधी असतं का? आपण तर शेजारच्या रूममधून शीट आणून काचेखाली बल्ब लावतो!

सातवा प्रकार त्याच्या मते सगळ्यात हुशारीचा. त्यात एकाच्या वर एक असे तीन पंप. खालचा पाणी उचलून टाकीत ओततो, दुसरा त्या टाकीतून वरच्या टाकीत, तिसरा तिथून बाहेर. पंधरा फुटी पाणचक्की तिन्ही दांडे एकदम हलवते. असा जिना कशाला? कारण एकट्या सक्शनने पाणी ठरावीक उंचीच्या पुढे येतच नाही. खाणीतले लोक हे अनुभवाने ओळखून होते, कारण मात्र माहीत नव्हतं. या मर्यादेची नोंद गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात केली आणि १६४३ साली त्याचा शिष्य टॉरिसेली याच्या पाऱ्याच्या प्रयोगातून उलगडा झाला. पंप पाणी ओढत नाहीच. आत पोकळी झाली की बाहेरची हवा पाण्याला वर ढकलते. हवेची ताकद १०.३ मीटरपर्यंत, प्रत्यक्षात सातेक मीटर. म्हणूनच आपल्याकडे बोअरवरच्या हापश्याचा दट्ट्या वर नसतो, तो खाली बोअरमध्ये पाण्यात बुडवलेला असतो. १९७० च्या दशकात सोलापूर पंपावरून जो इंडिया मार्क टू तयार झाला आणि गावोगाव पोचला, तो याच तत्त्वावर चालतो.

आठव्या भागात येतं सोनं. लाकडी पन्हळीवर कापड, जनावराचं कातडं किंवा गवताचे गठ्ठे अंथरायचे आणि वरून वाळू-पाणी सोडायचं. वाळू वाहून जाते, सोन्याचे कण अडकून बसतात. ग्रीक पुराणातल्या सोनेरी लोकरीच्या मेंढ्याची गोष्टसुद्धा अशीच झाली असणार, लोक झऱ्यात कातडी ठेवत आणि त्यांना सोनं चिकटे, असं त्याने सांगितलं. आपल्याकडे सराफ बाजारातली माती, राख धुऊन सोनं काढणारे झारेकरी हेच करतात. सोन्याची घनता १९.३, वाळूची साधारण २.६५. पाण्यात बुडाल्यावर दोन्हीचं वजन पाण्याएवढं घटतं, म्हणजे उरतं १८.३ आणि १.६५. तब्बल अकरा पट फरक! सगळी विद्या या अकरा पटीत आहे.

पण हीच अकरा पट पिचकारीवाल्याला नडते. जड सोनं गाळाच्या तळाशी, खडकाच्या फटीत जाऊन बसतं. हळू ओढलं तर पाणी येतं, वाळू येते, सोनं तिथेच राहतं. म्हणून पंप निवडताना किंवा बनवताना लोक चार गोष्टी बघतात आणि चारही अ‍ॅग्रिकोलाच्या पंपावरून समजतात. पहिली, तोंड नळीपेक्षा अरुंद हवं. ५० मिमी नळीला २५ मिमी तोंड दिलं तर तोंडाशी पाण्याचा वेग चौपट होतो, शिवाय जो खडा तोंडातून आला तो नळीत अडकत नाही. त्याच्या भोकं पाडलेल्या ओंडक्याचंही काम हेच. दुसरी, दट्ट्याचा वायसर घट्ट पण सरकता हवा, नाहीतर पाण्याऐवजी मागून हवा येते. तिसरी, झडप हवी, किंवा तोंडाची नळी थोडी आत घुसलेली हवी, म्हणजे पंप उचलताना आलेलं सोनं परत ओढ्यात सांडत नाही. चौथी, हाव नको. ५० मिमीच्या नळीचं तोंड तुंबलं तर दट्ट्यावर जास्तीत जास्त २० किलोचा जोर येतो, ७५ मिमीला तोच ४५ किलो होतो. दिवसभर ओढायचंय, जिममध्ये नाही! ५० मिमी नळी ६० सेंमी ओढली तर सव्वा लिटरच्या आसपास माल येतो, हाताला तेवढा पुरे.

अ‍ॅग्रिकोला नुसता यंत्रांच्या प्रेमात नव्हता. खाणींमुळे जंगलं तुटतात, धातू धुतलेल्या पाण्याने ओढे नासतात आणि मासे मरतात, हे विरोधकांचे आक्षेप त्याने पहिल्याच भागात सविस्तर मांडले आणि मग आपली बाजू सांगितली. वाद अजून मिटलेला नाही. कॅलिफोर्नियाने २००९ साली नद्यांमधल्या इंजिनवरच्या सक्शन ड्रेजिंगला बंदी केली, ती नदी आणि माशांच्याच काळजीने. खाणीतली धूळ कामगारांची फुप्फुसं खाते हेही त्याने डॉक्टरच्या नजरेने नोंदवलं. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींजवळ एकेका बाईचे सात सात नवरे या रोगाने गेले, असं त्याने लिहिलंय. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं.

पुस्तक १५५० मध्ये लिहून झालं. पण चित्रांचे लाकडी ठसे कोरायला वर्षांमागून वर्षं गेली. मधल्या काळात प्लेगची साथ आली, तेव्हा त्याने रोगी तपासले आणि १५५४ मध्ये प्लेगवर पुस्तकही काढलं. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी तो केमनिट्समध्ये वारला. गाव तोपर्यंत प्रोटेस्टंट झालं होतं आणि हा शेवटपर्यंत कॅथॉलिक. ज्या गावाचा तो चार वेळा महापौर झाला, त्या गावाने त्याला पुरायला जागा दिली नाही. त्याचं प्रेत त्साइट्सला नेऊन तिथल्या कॅथीड्रलमध्ये पुरलं. आणि चारच महिन्यांनी, मार्च १५५६ मध्ये, बासेलहून डे रे मेटॅलिका छापून बाहेर पडलं. वीस वर्षांचं काम, आणि छापील पान त्याने पाहिलंच नाही.

खाणीतल्या वस्तूंना लॅटिनमध्ये शब्दच नव्हते, म्हणून अ‍ॅग्रिकोलाने ते बनवले. त्यामुळे पुढे भाषांतर करणाऱ्यांचा घाम निघाला. १९१२ साली इंग्रजी भाषांतर केलं ते हर्बर्ट हूवर आणि लू हेन्री हूवर या नवरा-बायकोने. तो मायनिंग इंजिनिअर, ती भूगर्भशास्त्र शिकलेली आणि लॅटिन जाणणारी. शब्द अडला की दोघं प्रयोग करून बघत. हाच हूवर १९२९ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. मी वाचलं ते हेच भाषांतर.

आपण चार वर्षांत किती फॉर्म्युले पाठ करतो! अ‍ॅग्रिकोलाकडे एकही नव्हता. हवेचा दाबसुद्धा त्याला माहीत नव्हता. पण जे दिसलं ते त्याने नीट बघितलं, कामगाराला विचारलं आणि दुसऱ्याला बनवता येईल असं लिहिलं. म्हणून शंभर वर्षांनी आलेलं कारण त्याच्या पंपाला बरोब्बर लागू पडलं. आपल्या वर्कशॉपमधले मामा वायसर कसा कापायचा हे आपल्यापेक्षा चांगलं जाणतात, पण ते कुठल्याच जर्नलमध्ये नाही. मामा रिटायर झाले की ते त्यांच्याबरोबर जाईल. पुढच्या प्रॅक्टिकलला रीडिंग कॉपी करण्याआधी त्यांना एवढं विचारून बघा, आणि जमलं तर मराठीत लिहून ठेवा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी