वाऱ्याने आगगाडी थोपवणारा जॉर्ज वेस्टिंगहाउस

घाट उतरून थांब्यावर आलेल्या बसच्या पोटातून ‘फुस्स’ असा आवाज येतो. कधी तो ब्रेक सुटल्याचा असतो, तर कधी ब्रेकच्या हवेतले पाणी एअर ड्रायरने बाहेर फेकल्याचा. प्रवासी तिकडे लक्ष देत नाहीत. पण जाणत्या चालकाचा कान त्या आवाजावर असतो. दाबाखालच्या हवेवर अवजड वाहनाचा वेग सोपवण्याची ही पद्धत जगात रूढ केली ती जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकी यंत्रज्ञाने. बसच्या ब्रेकच्या सुट्या भागांवर दिसणारे ‘वाब्को’ हे नावही त्याच्याच वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनीच्या आद्याक्षरांतून आले आहे.

वेस्टिंगहाउसचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील सेंट्रल ब्रिज या गावी झाला. वडील शेतीची यंत्रे तयार करीत. पुढे शेनेक्टडी येथील त्यांच्या कारखान्यातच मुलाचे खरे शिक्षण झाले. अमेरिकेतील यादवी युद्धात त्याने किशोरवयातच उत्तरेच्या बाजूने लष्करात व नंतर आरमारात काम केले. युद्धानंतर तो महाविद्यालयात दाखल झाला खरा. परंतु तीनेक महिन्यांतच त्याची पावले पुन्हा कारखान्याकडे वळली. १८६५ मध्ये, एकोणीस वर्षांचा असताना, फिरत्या वाफयंत्रासाठी त्याला पहिले पेटंट मिळाले.

त्या काळी आगगाडी पळवणे सोपे होते, थांबवणे कठीण. चालकाने शिट्टी दिली की ब्रेकवाले डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याचे हातचाक फिरवीत. पावसात आणि बर्फात निसरड्या टपावरून कित्येक जण खाली पडत. शेनेक्टडी आणि ट्रॉय या गावांदरम्यान दोन मालगाड्यांची टक्कर झाली, त्या ठिकाणी तरुण वेस्टिंगहाउस प्रवासात अडकून पडला होता. दिवस उजेडाचा होता, मार्ग सरळ होता आणि दोन्ही चालकांनी एकमेकांना पाहिलेही होते. तरी गाड्या वेळेत थांबल्या नाहीत. सर्व डब्यांचे ब्रेक एकाच वेळी, एकाच हाताने लागले पाहिजेत, हा विचार तेव्हापासून त्याच्या मनात घर करून राहिला.

आल्प्स पर्वतात मों सेनी येथे बोगदा खोदताना कातळ फोडणारी यंत्रे दाबाखालच्या हवेवर चालवली जात होती. ही हकिकत त्याच्या वाचनात आली आणि वाट सापडली. लांब नळीतून नेलेली हवा जर डोंगर पोखरू शकते, तर ती चाकेही आवळू शकेल! १३ एप्रिल १८६९ रोजी त्याला एअर ब्रेकचे पेटंट मिळाले. पिट्सबर्गजवळच्या एका चाचणीत रुळांवर अचानक घोडागाडी आडवी आली आणि चालकाने ब्रेकची झडप फिरवताच गाडी काही फुटांवर थांबली, असे सांगितले जाते. त्याच वर्षी त्याने कंपनी स्थापन केली. तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता.

येथवरची कथा एका कल्पक तरुणाची आहे. तिला थोरवी आली ती पुढच्या टप्प्यात. पहिल्या रचनेत हवा इंजिनावरच्या टाकीतून नळीने डब्यांकडे जाई आणि ब्रेक लागे. पण नळीच तुटली तर? मग सबंध गाडीचा ब्रेक निकामी. १८७२ मध्ये वेस्टिंगहाउसने ही रचना मुळापासून उलटवली. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी दिली आणि नळीत दाब सतत भरलेला ठेवला. हा दाब उतरला की डब्याखालची तिहेरी झडप टाकीतली हवा ब्रेककडे सोडू लागली. आता नळी तुटली किंवा गाडीचे दोन तुकडे झाले, तरी दोन्ही तुकडे आपोआप थांबत. बिघाडाचा परिणाम अपघातात न होता थांबण्यात व्हावा, हे तत्त्व त्याने लोखंडात उतरवले.

१८८६ आणि १८८७ मध्ये बर्लिंग्टन येथे पन्नास डब्यांच्या मालगाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे डबे थांबत आणि मागचे त्यांच्यावर आदळत, कारण दाब उतरल्याची वर्दी शेवटच्या डब्यापर्यंत पोहोचायला वेळ लागे. अपयश सर्वांसमक्ष होते. त्याने सबबी न सांगता काही महिन्यांतच अधिक वेगाने काम करणारी झडप सिद्ध केली. १८९३ मध्ये अमेरिकेत रेल्वेगाड्यांना यांत्रिक ब्रेक सक्तीचे करणारा कायदा झाला आणि टपांवरची ती जीवघेणी धावपळ हळूहळू संपली.

विजेच्या क्षेत्रातही त्याचे कार्य मोठे आहे. निकोला टेस्लाची पेटंटे घेऊन त्याने प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहाचा पुरस्कार केला. १८९३ चे शिकागोचे जागतिक प्रदर्शन त्याच विजेने उजळले. १९०७ च्या आर्थिक संकटात मात्र विद्युत कंपनीवरचा ताबा त्याच्या हातून गेला. १२ मार्च १९१४ रोजी त्याचे निधन झाले. तोवर साडेतीनशेहून अधिक पेटंटे त्याच्या नावावर जमा झाली होती.

त्याचे तत्त्व आज रस्त्यावरही धावते आहे. अनेक अवजड वाहनांत हवेचा दाब फार उतरला की स्प्रिंग मोकळी होऊन मागची चाके जखडते. पण दाबाखालच्या हवेचा एक जुना शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. कॉम्प्रेसरमधून निघालेली तप्त हवा थंड होताच तिच्यातली वाफ टाकीत साचते; लोखंड गंजते, झडपा चिकटतात. गोव्यासारख्या दमट किनारी प्रदेशात, त्यातही पावसाळ्यात, हे पाणी अधिकच. एअर ड्रायरमधले दाणे हा ओलावा शोषून घेतात.

जुन्या बसला नवा ड्रायर बसवताना चाकांना ठोकळे लावून आधी सर्व टाक्यांतील हवा सोडावी लागते. ड्रायरची जागा कॉम्प्रेसर आणि पहिली टाकी यांच्या मध्ये असते. हवा थोडी निवून त्यात शिरावी, इतकी नळी आधी हवी. पाणी फेकणारे तोंड खालच्या बाजूला आणि मोकळे असावे. टाक्यांत जुने पाणी वा गंज राहिला, किंवा झिजलेला कॉम्प्रेसर तेल फेकत असला, तर नव्या ड्रायरचा उपयोग होत नाही. तेलाने माखलेले दाणे ओलावा शोषत नाहीत. शेवटी दाब भरून प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासायचा आणि काही दिवसांनी टाकीचा नळ उघडून ती कोरडी आहे ना, हे पाहायचे.

या कामाची दखल कोणी घेत नाही. ते चुकले, तरच बातमी होते. वेस्टिंगहाउसने घडवलेली झडप कितीही चोख असली, तरी गंजून चिकटलेली झडप उघडत नाही. त्याने सोडवलेला प्रश्न म्हणूनच प्रत्येक आगारात, प्रत्येक पावसाळ्याआधी, नव्याने सोडवावा लागतो.