पिशवी दाबणारे हात

पोलिओ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लुळा पाय येतो. पण हा आजार श्वासाच्या आणि गिळण्याच्या स्नायूंवर आला, की माणूस शुद्धीत असतानाच गुदमरतो. १९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात असे रुग्ण रोज येऊ लागले. तिथल्या ब्लेगडॅम हॉस्पिटलकडे श्वास देणारी यंत्रं होती मोजून सात. एक 'लोखंडी फुप्फुस' आणि छातीवर बांधायची सहा कवचं. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ गेले!

हॉस्पिटलचे प्रमुख लासेन यांनी नाइलाजाने बाहेरचा माणूस बोलावला. ब्योर्न इब्सेन, वय ३६, बोस्टनला शिकून आलेला भूलतज्ज्ञ. त्या काळी भूल देणाऱ्याने ऑपरेशनची खोली सोडून वॉर्डात यायचं म्हणजे जरा आगाऊपणाच.

मृतांच्या रक्तात बायकार्बोनेट खूप वाढलेलं होतं. डॉक्टरांना ती पोलिओचीच काहीतरी भानगड वाटत होती. इब्सेनने वेगळं ओळखलं. कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नाहीये. म्हणजे यंत्रं चालू असूनही श्वास पुरत नाहीये. मग छाती बाहेरून ओढत बसण्यापेक्षा हवा सरळ आत का ढकलू नये? ऑपरेशन टेबलावर तर तो रोज तेच करायचा.

२७ ऑगस्टला बारा वर्षांची एक मुलगी त्याच्या हाती दिली गेली. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली गेली, तिला रबरी पिशवी जोडली. पण मुलगी घाबरून झटापट करू लागली, श्वासनलिका आवळली, हवा आत जाईना. बघायला आलेल्या काहींनी तर काढता पाय घेतला. आता विचार करा, तुम्ही तिथे असता तर? इब्सेनने तिला भुलीचं औषध टोचलं. तिचा स्वतःचा श्वास थांबला आणि आता पिशवीतली हवा आत जाऊ लागली. पोर वाचली.

खरी अडचण पुढेच होती. पिशवी दाबायला माणूस लागतो, चोवीस तास, प्रत्येक खाटेपाशी. मग बोलावलं कोणाला? मेडिकल आणि डेंटलच्या विद्यार्थ्यांना! तुमच्याच वयाची सुमारे दीड हजार पोरं-पोरी पाळ्या लावून बसली. एका वेळी सत्तर-सत्तर रुग्ण, मॉनिटर वगैरे काही नाही. छाती नीट वर येतेय का, चेहऱ्याचा रंग कसा आहे, एवढं बघायचं आणि दाबत राहायचं. या मुलांनी मिळून १,६५,००० तास भरले. दहातले जवळपास नऊ रुग्ण दगावत होते, ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आलं.

पुढच्याच वर्षी इब्सेनने गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उभारला. आपण ज्याला आयसीयू म्हणतो, त्याची सुरुवात बहुतेक जण इथूनच धरतात. कोविडमध्ये ज्यांची नावं घराघरात पोचली ते व्हेंटिलेटरही हवा आतच ढकलतात. मात्र किती ढकलायची, हे कळायला बराच काळ गेला. फुप्फुसं अचानक निकामी झालेल्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे निकाल २०००मध्ये आले. दर किलो वजनामागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तर शंभरातले चाळीसऐवजी एकतीस रुग्ण दगावतात, असं त्यात दिसलं. जास्त हवेने फुप्फुसांना इजा होते.

इब्सेन २००७मध्ये गेला, ९१व्या वर्षी. आणि अॅम्ब्युलन्समधली ती अँबू बॅग? तीही कोपनहेगनचीच, १९५६ सालची.