शिक्षकांना विचारणारे शिक्षणतज्ज्ञ : कै. जे. पी. नाईक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका थोर महाराष्ट्रीयाचे चरित्र असावे, असे ठरले तेव्हा आमच्यापुढे अनेक नावे आली. संत, सेनानी आणि साहित्यिक यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झालेले आहे. आम्ही ज्यांची निवड केली, त्यांच्याविषयी मात्र शिक्षणक्षेत्राबाहेर फारसे लिहिले गेले नाही. जयंत पांडुरंग तथा जे. पी. नाईक हे त्यांचे नाव. जन्म कोल्हापूर जिल्ह्यातला, शिक्षण आणि पहिले लोककार्य धारवाडच्या परिसरातले. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांच्या सान्निध्यात ते घडले आणि म्हणूनच बंगळूरमधील आम्हा मराठी मंडळींना ते विशेष जवळचे वाटतात. शिवाय आपल्या सभासदांमध्ये ज्यांनी उभे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत घालविले अशी कित्येक मंडळी आहेत. शाळेत काय शिकवावे, कसे शिकवावे आणि शाळा कशी चालवावी, हे ठरविताना शिक्षकाला विचारले पाहिजे, हा नाईकांचा आग्रह होता. तो कितपत फळाला आला, हा प्रश्न या मंडळींच्या जिव्हाळ्याचा आहे.

नाईकांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या लहानशा गावी झाला. त्यांचे मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे, जे. पी. नाईक हे नाव त्यांनी पुढे धारण केले आणि त्याच नावाने ते देशाला परिचित झाले. डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मदिवसही ५ सप्टेंबरच असून १९६२ पासून तो शिक्षक दिन म्हणून साजरा होतो. शिक्षकांच्या प्रश्नाला राष्ट्रीय धोरणात स्थान मिळवून देणाऱ्या या पुरुषाचा जन्म नेमका त्याच तारखेचा असावा, हा योगायोग खरा, पण शिक्षक दिनाच्या समारंभांत त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात त्यांचे उच्च शिक्षण झाले. गणित हा त्यांचा विषय. त्या बुद्धीच्या तरुणाला सरकारी नोकरीचा किंवा प्राध्यापकीचा मार्ग मोकळा होता. परंतु १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. सुटकेनंतर ते धारवाडजवळील उप्पिन बेटगेरी या खेड्यात जाऊन राहिले. शाळा, आरोग्य, स्वच्छता अशी गावाची सर्वच अंगे त्यांनी हाती घेतली. सरकारी कागदावरील शाळा आणि गावातील प्रत्यक्ष शाळा यांत किती अंतर असते, याचा अनुभव पुढे दिल्लीच्या सचिवालयात वावरताना त्यांच्या पाठीशी राहिला.

त्या काळच्या प्राथमिक शिक्षकाची स्थिती वाचकांनी ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या. लोकांच्या शाळा लोकांच्या हाती याव्यात, हा हेतू चांगलाच होता. परंतु शिक्षकाची नेमणूक आणि बदली स्थानिक पुढाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचा धोकाही त्याबरोबर आला. वरून साहेब तपासणीला यायचे, खालून पुढारी दटावायचे आणि मध्ये मास्तर. गावात त्यांना मान होता, पण त्यांच्या मताला किंमत नव्हती. मान आणि मत यांतील हा भेद नाईकांच्या पुढील कार्याकडे पाहताना उपयोगी पडतो.

चाळीसच्या दशकात ते कोल्हापूर संस्थानच्या सेवेत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते हेच संस्थान. याच काळात, १९४३ साली, सय्यद नुरुल्ला यांच्या सहकार्याने लिहिलेला ब्रिटिश अमदानीतील भारतीय शिक्षणाचा इतिहास प्रसिद्ध झाला आणि पुढे अध्यापक महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासला गेला. भुदरगड तालुक्यातील गारगोटी येथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९४८ साली त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था स्थापन केली. १९७६ मध्ये ती पुण्यास आली. त्यांच्या पत्नी डॉ. चित्रा नाईक या स्वतः मोठ्या शिक्षणतज्ज्ञ आणि या सर्व कार्यातील बरोबरीच्या भागीदार होत्या. एकशिक्षकी शाळेवर नाईकांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. चार इयत्तांची मुले एका खोलीत एकट्याने सांभाळणारा शिक्षक हा त्यांना विद्यापीठीय विद्वानाइतकाच अभ्यासाचा विषय वाटला, यातच त्यांची दृष्टी दिसते.

पुढे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचे सल्लागार म्हणून त्यांनी नाममात्र वेतनावर काम केले. मग त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कामगिरी त्यांच्याकडे आली. १४ जुलै १९६४ रोजी डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला आणि नाईक त्याचे सदस्य-सचिव झाले. अध्यक्ष पदार्थविज्ञानाचे थोर अभ्यासक, तर सचिव खेड्यातल्या शाळेची खडान्‌खडा माहिती असलेले, अशी ही जोडी होती. आयोगाच्या सदस्यांत धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील शिक्षणशास्त्र विभागाच्या प्रमुख कुमारी सुलभा पाणंदीकर यांचाही समावेश होता, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. आयोगाने सुमारे १०० दिवस देशभर प्रवास केला, ९,००० हून अधिक व्यक्तींच्या मुलाखती घेतल्या आणि २,४०० हून अधिक निवेदने वाचली. २९ जून १९६६ रोजी शिक्षणमंत्री न्या. छगला यांना अहवाल सादर झाला. तो सिद्ध करण्यात नाईकांचे परिश्रम किती होते, हे शिक्षणक्षेत्रात सर्वश्रुत आहे.

या अहवालातील तिसरे प्रकरण शिक्षकांच्या दर्जाविषयी आहे. शिक्षणाच्या गुणवत्तेवर परिणाम करणाऱ्या सर्व घटकांत शिक्षकाची योग्यता आणि चारित्र्य यांना आयोगाने पहिले स्थान दिले आणि मग हातचे काही न राखता त्याचे परिणाम मांडले. शाळा सरकारी असो, स्थानिक मंडळाची असो वा खासगी, समान पात्रतेच्या शिक्षकाला समान वेतन मिळावे. प्राथमिक, माध्यमिक आणि विद्यापीठीय शिक्षकांच्या वेतनातील दरी कमी व्हावी. निवृत्तीनंतरच्या निर्वाहाची सोय असावी. शिक्षकाला नागरिकाचे सर्व हक्क बजावता यावेत आणि निवडणूक लढविण्याचीही मोकळीक असावी.

आमच्या मते मात्र यांहून महत्त्वाची शिफारस वेगळीच होती. प्रत्येक राज्यात आणि केंद्रशासित प्रदेशात संयुक्त शिक्षक परिषद स्थापन करावी, असे आयोगाने सुचविले. तीत शिक्षक संघटनांचे प्रतिनिधी आणि शिक्षण खात्याचे अधिकारी यांनी एकत्र बसावे. वेतन, सेवाशर्ती, कल्याणाच्या योजना यांबरोबरच शिक्षणाच्या सुधारणेचे कार्यक्रमही तेथे चर्चेला यावेत. तेथे जे एकमताने ठरेल, ते मंत्रिमंडळाच्या अंतिम अधिकाराला बाध न आणता अंमलात यावे आणि वेतन, रजा यांसारख्या बाबतींत बोलणी फिसकटल्यास लवादाकडे जाण्याची सोय असावी. शिक्षकाने अर्ज करावा आणि खात्याने तो दप्तरी दाखल करावा, हीच जेथे रीत होती, तेथे हा विचार किती धाडसाचा होता याची कल्पना करता येईल. त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी पॅरिस येथील परिषदेत शिक्षकांच्या दर्जाविषयीचा आंतरराष्ट्रीय शिफारसपत्रक स्वरूपाचा ठराव संमत झाला आणि त्यातही शिक्षक संघटनांना शैक्षणिक धोरण ठरविण्यात सहभागी करून घेण्याचे तत्त्व मान्य झाले. १९९४ पासून ही तारीख जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळली जाते. भारतातील एका आयोगाने काही महिने आधीच हीच दिशा दाखविली होती, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

नाईकांचा विचार परिषदेपाशी थांबला नाही. योजना दिल्लीत आखायची आणि शाळेने ती राबवायची, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. प्रत्येक शाळेने आपल्या शिक्षकांच्या विचाराने आपली योजना तयार करावी, या संस्थात्मक नियोजनाच्या कल्पनेचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांचा गट करून त्या गटाकडे अधिकार सोपवावेत, ही शाळासंकुलाची कल्पनाही याच आयोगाची. तिच्यामुळे हायस्कूलचे शिक्षक आणि खेड्यातले गुरुजी बरोबरीने एकत्र आले असते. याचबरोबर येथे शिक्षकांवर जबाबदारीही पडत होती. ज्याला निर्णयात वाटा हवा, त्याने अभ्यास, प्रयोग आणि परिणाम यांचाही वाटा उचलला पाहिजे. शिक्षकांची बाजू घेणाऱ्या नाईकांनी त्यांची ही जबाबदारी कधी हलकी केली नाही.

पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. २४ जुलै १९६८ रोजी पहिले राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. आयोगाचेच एक सदस्य डॉ. त्रिगुण सेन त्या वेळी शिक्षणमंत्री होते. शिक्षकाला समाजात मानाचे स्थान, समाधानकारक वेतन आणि आपले विचार मांडण्याचे स्वातंत्र्य असावे, असे त्या धोरणात म्हटले आहे. संयुक्त परिषदेचा मात्र त्यात उल्लेख नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्टही दूरच राहिले. पुढील वर्षांत वेतनश्रेणी सुधारल्या, विशेषतः महाविद्यालयांतील आणि विद्यापीठांतील. सन्मानाचा एक भाग, जो पैशात मोजता येतो, तो पुष्कळसा पदरात पडला. निर्णयातला वाटा मागे राहिला.

१९६९ साली स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे नाईक सदस्य-सचिव होते आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ साली आपल्या बंगळूर शहरात स्थापिलेली सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्था या परिषदेच्या साहाय्याने चालणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. नागरभावीच्या परिसरात आजही ती कार्यरत आहे. १९७४ मध्ये नाईकांना पद्मभूषण हा किताब मिळाला. अखेरच्या वर्षांत त्यांनी आयोगाच्या शिफारशींचे पुढे काय झाले, याचा परखड हिशेब मांडणारा ग्रंथ लिहिला. आपल्याच कार्याची अशी झाडाझडती घेणारे सचिव विरळाच. तो ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला, पण तो पाहण्यास ते हयात नव्हते. ३० ऑगस्ट १९८१ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वाढदिवसाला सहा दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले.

त्यानंतर १९८३ मध्ये शालेय शिक्षकांसाठी प्रा. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमला गेला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण ज्या मसुद्यावर आधारलेले आहे, तो बंगळूरकर शास्त्रज्ञ डॉ. कस्तुरीरंगन यांच्या समितीने तयार केला होता. त्या धोरणात शाळासंकुलाची कल्पना पुन्हा पुढे आली आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीचा विचार पुन्हा उचलावा लागतो, यावरून तो किती मूलभूत होता हे कळते आणि मधली वर्षे कशी गेली, हेही कळते.

आपल्या विधानसौधात विधान परिषदेच्या ७५ जागांपैकी ७ जागा शिक्षकांनी निवडून द्यावयाच्या असतात. महाराष्ट्रातही ७८ पैकी ७ जागा तशाच आहेत. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमाने शिक्षकांना दिलेला हा मान मोठा आहे. परंतु त्याच कलमानुसार हा मताधिकार माध्यमिक शाळांच्या खालच्या दर्जाच्या संस्थांतील शिक्षकांना नाही. पहिलीतल्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेणारे गुरुजी आणि बाई या मतदारसंघाच्या बाहेरच राहतात. ज्याने एकशिक्षकी शाळेवर ग्रंथ लिहिला, त्या पुरुषाचे स्मरण करताना ही उणीव आमच्या नजरेआड होऊ शकत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी नाईकांच्या स्मृतीस वंदन करताना आमची वाचकांना एकच विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर, पालकसभांत आणि विश्वस्त मंडळांवर आहेत. वेळापत्रक, पुस्तके, परीक्षा किंवा शुल्क यांविषयी एखादा निर्णय घेण्यापूर्वी त्या शाळेतील शिक्षकांना, आणि त्यांतही सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षिकेला, बैठकीस बोलवावे आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. हा प्रघात आपल्या हाताखालच्या शाळांत पडला, तर बहिरेवाडीच्या या सुपुत्राचे ऋण आपण थोडे तरी फेडले, असे आम्ही समजू.