परदेशी पैशाची जोखीम जाणणारे बँकर : चिदंबरम चेट्टियार

चेन्नईतील चेपॉकच्या क्रिकेट मैदानाला एम. ए. चिदंबरम यांचे नाव देण्यात आले आहे. याच शहरात मुख्यालय असलेल्या इंडियन ओव्हरसीज बँकेचे संस्थापक एम. सी. टी. एम. चिदंबरम चेट्टियार हे मात्र वेगळे. क्रिकेटरसिकांना ते फारसे परिचित नसले, तरी देशाबाहेर पैसा नेण्या-आणण्याच्या व्यवहारात भारतीयांना स्वतःची बँक मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते.

चिदंबरम चेट्टियार यांचा जन्म १९०८ साली नाट्टुकोट्टै चेट्टियार समाजातील संपन्न घराण्यात झाला. सर मुथय्या चेट्टियार हे त्यांचे वडील. या समाजाच्या सावकारी पेढ्या ब्रह्मदेश, श्रीलंका आणि मलायापर्यंत पसरल्या होत्या. भांडवल तमिळ प्रदेशातून जाई आणि कर्जे परमुलखातील भातशेती व रबराच्या मळ्यांवर दिली जात. हा व्यवसाय मुख्यतः विश्वासावर आणि हुंडीवर चाले.

१९३०च्या सुमारास आलेल्या जागतिक मंदीने या व्यवसायाला जबर धक्का दिला. तांदळाचे भाव कोसळले आणि ब्रह्मदेशातील शेतकऱ्यांची कर्जे थकली. गहाण जमिनी चेट्टियारांच्या ताब्यात येऊ लागल्या. त्या देशातील प्रमुख भातउत्पादक जिल्ह्यांत सुमारे एक चतुर्थांश जमीन त्यांच्याकडे गेली. रोख पैसा अशा रीतीने जमिनीत अडकला आणि स्थानिक जनतेचा रोषही ओढवला.

या पार्श्वभूमीवर १० फेब्रुवारी १९३७ रोजी चिदंबरम चेट्टियार यांनी इंडियन ओव्हरसीज बँकेची स्थापना केली. त्या काळी परकीय चलनाचा व्यवहार प्रामुख्याने युरोपीय बँकांच्या हाती होता. त्यात भारतीय बँकेने उतरावे, हा त्यांचा उद्देश होता. मद्रास, कारैकुडी आणि रंगून येथील शाखा एकाच वेळी सुरू झाल्या. त्यानंतर अवघ्या ५० दिवसांनी, १ एप्रिल १९३७ रोजी, ब्रह्मदेश हिंदुस्थानपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळा झाला. कालपर्यंत दोन प्रांतांमधला असलेला व्यवहार आता दोन देशांमधला झाला.

दुसऱ्या महायुद्धात या जोखमीचे भीषण रूप समोर आले. ब्रह्मदेश आणि मलाया जपानच्या ताब्यात गेले. जपानी प्रशासनाने काढलेल्या नोटा १९४५ मध्ये युद्ध संपताच कवडीमोल ठरल्या. अशा संकटातूनही बँक टिकून राहिली. स्वातंत्र्याच्या वेळी तिच्या देशात ३८ आणि परदेशात ७ शाखा होत्या. ब्रह्मदेशातील चेट्टियारांच्या जमिनींवर मात्र १९४८च्या राष्ट्रीयीकरण कायद्याने गदा आली.

चिदंबरम चेट्टियार यांनी विमा आणि उद्योग क्षेत्रांतही कार्य केले. केरळमधील ट्रावणकोर रेयॉन्स या कारखान्याच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. १३ मार्च १९५४ रोजी सिंगापूरच्या कलांग विमानतळावर झालेल्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४५ वर्षे होते.

त्यांच्या पश्चातही बँकेला राजकीय निर्णयांचे तडाखे बसतच राहिले. १९६३ मध्ये ब्रह्मदेशाने खासगी बँकांचे राष्ट्रीयीकरण केले आणि रंगूनची शाखा हातची गेली. १९६९ मध्ये भारत सरकारने १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण केले, त्यांत इंडियन ओव्हरसीज बँकही होती. परकीय सरकारच्या मालकीच्या बँकांना मलेशियात मज्जाव असल्याने तेथील शाखा पुढे एका नव्या स्थानिक बँकेत विलीन कराव्या लागल्या.

विनिमय दरातील चढउतारांचा निदान अंदाज बांधता येतो. सरकार बदलले, कायदा बदलला किंवा सीमारेषाच सरकली, तर मात्र उत्तम हिशेबही अपुरा पडतो. पैसा एकाच देशात न गुंतवता अनेक देशांत विभागणे, हाच त्यावरचा मर्यादित उपाय. रंगूनची शाखा गमावूनही चिदंबरम चेट्टियार यांची बँक टिकली, ती तिचा पाया एकाच देशात नव्हता म्हणून.