सावित्रीबाईंची रुग्णसेवा

रोग बरा करणे हे वैद्याचे काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि ती चुकीची नाही. परंतु काही दुखणी अशी असतात की त्यांच्यापुढे वैद्याची विद्या थिटी पडते. रोगी तर अंथरुणावर असतोच. त्याला तहान लागते, वेदना होतात, रात्री भीती वाटते, आणि तो आपल्या माणसांच्या तोंडाकडे पाहत राहतो. औषध संपले म्हणून त्याच्यासाठी करावयाचे काम संपत नाही. किंबहुना ते तेथूनच वाढते, आणि एकट्यादुकट्याच्या हातून ते होण्याजोगे नसते.

सावित्रीबाई फुले यांचे नाव मुलींच्या शिक्षणाशी कायमचे जोडले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या अंगावर शेणमातीचे गोळे फेकले गेले, तरी त्यांनी शाळेची वाट सोडली नाही, ही हकिकत कोणाला ठाऊक नाही? मात्र आयुष्याच्या अखेरच्या नऊ वर्षांत दोन वेळा त्यांच्यावर रुग्णसेवेचे अवघड कर्तव्य येऊन पडले. एकदा स्वतःच्या घरात आणि एकदा हडपसरजवळच्या उघड्या माळावर. चरित्रकार हा भाग बहुधा दोनचार ओळींत आटोपतात. वस्तुतः तो अधिक सावकाशीने वाचावा असा आहे.

सावित्रीबाईंचा जन्म सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाला. जोतीरावांनी पत्नीला लिहावाचावयास शिकवले आणि १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तेथे सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. पुढे या दांपत्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठीही शाळा चालवल्या.

फसवल्या गेलेल्या विधवा स्त्रियांना लोकलज्जेपायी जीव द्यावा लागू नये, त्यांच्या अर्भकांनाही प्राणास मुकावे लागू नये, म्हणून १८६३ साली फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. अशा स्त्रियांची बाळंतपणे त्यांच्या घरी होऊ लागली. काशीबाई नावाच्या एका विधवेच्या मुलाला जोतीराव व सावित्रीबाई यांनी दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. या मुलाने वैद्यकाचे शिक्षण घ्यावे असे त्यांनी ठरवले. १८७७ च्या दुष्काळात पुण्याजवळ धनकवडी येथे अनाथ व भुकेल्या मुलांच्या अन्नाची सोय करण्यात आली, तेव्हाही सावित्रीबाई त्या कामात होत्या. शेकडो तोंडांना रोज अन्न पुरवावयाचे, म्हणजे धान्य मिळवणारा एक, ते वाहून आणणारा दुसरा, रांधणारे आणि वाढणारे आणखी निराळे. यांतील एकजण जरी चुकला, तरी मुले उपाशी राहतात. पुढच्या आयुष्यात उपयोगी पडणारा हा धडा त्यांना येथे मिळाला असावा.

११ मे १८८८ रोजी मुंबईत जोतीरावांचा मोठा सत्कार झाला आणि लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने त्यांनी शेतकऱ्यांची दुःखे कागदावर मांडली होती, तो हात हलेना.

अर्धांगवायूच्या रोग्याची शुश्रूषा कशी असते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच तिची कठीणता कळेल. रोग्याला स्वतःहून कूस पालटता येत नाही. ती दर थोड्या वेळाने पालटून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास बेताने भरवावा लागतो, कारण तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अंग पुसणे, मलमूत्राची स्वच्छता राखणे, लुळे पडलेले हातपाय हलवून मोकळे करणे, हे सारे दिवसाकाठी अनेकदा करावे लागते. शिवाय कालपर्यंत हजारोंच्या सभा गाजवणाऱ्या माणसाला आज पाण्याच्या पेल्यासाठी दुसऱ्याकडे पाहावे लागते, या दुःखावर कोणते औषध द्यावे?

फुल्यांच्या घरी हा भार अनेकांनी मिळून उचलला. डॉक्टर विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यवैद्य आणि जोतीरावांचे जिवलग स्नेही. सत्यशोधक समाजाच्या कामातही त्यांचा वाटा होता. औषधोपचार त्यांनी आपल्याकडे घेतला. रात्रंदिवसाची शुश्रूषा सावित्रीबाईंनी केली. जोतीरावांनी आपली सारी मिळकत लोककार्यात खर्ची घातल्यामुळे घरात पैशाची ओढ होती. तेव्हा मामा परमानंद यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांना पत्र पाठवून या कुटुंबास साहाय्य करावे अशी विनंती केली. वैद्याने औषध सांगावे, पण ते विकत घेण्यास पैसा नसेल तर त्या सांगण्याचा उपयोग काय? म्हणून पत्र लिहिणाऱ्या त्या मित्राची गणनाही शुश्रूषा करणाऱ्यांतच केली पाहिजे.

या सर्वांच्या आधाराने एक नवल घडले. जोतीराव सावरले आणि डाव्या हाताने लिहू लागले. सार्वजनिक सत्यधर्म हे आपले अखेरचे पुस्तक त्यांनी या अवस्थेत पूर्ण केले. रोग हटला नव्हता, पुन्हा पूर्ववत हिंडण्याफिरण्याची आशाही उरली नव्हती. तरी उरलेले दिवस त्यांना आपल्या आवडत्या कार्यात घालवता आले. सव्वादोन वर्षांहून अधिक काळ हे चालले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तक पुत्राच्या हक्कास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले आणि त्या प्रेतयात्रेच्या अग्रभागी चालल्या. त्या काळी स्त्रीने असे करणे ही केवढी असाधारण गोष्ट होती!

फुल्यांच्या घरी मैत्रीपोटी जे जुळून आले, त्याची पुढे विसाव्या शतकात एक रीतसर विद्याशाखा बनली. इंग्लंडमध्ये सिसिली साँडर्स नावाची एक विदुषी १९१८ साली जन्मली. ती आधी परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तेव्हा रुग्णांच्या कौटुंबिक अडचणी पाहणारी समाजसेविका झाली. आणि एवढ्यावर समाधान न मानता १९५७ साली डॉक्टर झाली. तिन्ही व्यवसायांची कामे तिने स्वतः केली असल्यामुळे एकाचे डोळे दुसऱ्याला दिसत नाही ते पाहतात, हे तिला नेमके उमगले. बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी तिने १९६७ साली लंडनमध्ये संत ख्रिस्तोफर यांच्या नावाने एक शुश्रूषागृह काढले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. मनाची काळजी, घरच्यांची विवंचना आणि मरणाचे भय ही सारी तीत मिसळलेली असतात, असे तिचे मत होते. म्हणूनच डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक आणि धर्मोपदेशक यांनी एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करावा अशी पद्धत तेथे रूढ झाली. भारतातील असे पहिले गृह शांती आवेदना सदन या नावाने १९८६ साली मुंबईत वांद्रे येथे स्थापन झाले. पुण्यातही वारजे येथे १९९७ पासून असे एक केंद्र आहे. अशा ठिकाणी डॉक्टर वेदना शमवणारे औषध ठरवतात. परिचारिका ते घड्याळाच्या काट्यावर देते आणि जखमा धुते. आखडलेल्या सांध्यांना व्यायाम देणारा निराळा असतो. मुलांच्या शाळेची फी कोण भरणार, या चिंतेने ज्याला झोप येत नाही, त्याच्याशी बोलणारा समाजसेवक निराळा असतो. या सेवेला परिहार सेवा असे नाव आहे.

अशी गृहे मोठ्या शहरांत असतात. हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावी एखाद्या घरी आजोबा अंथरुणाला खिळले, तर मुंबई-पुणे जवळ नसते. तेथे डॉक्टर, परिचारिका, आशाताई, घरची सून आणि रात्री सोबतीला येऊन बसणारा शेजारी, एवढ्यांचेच पथक बनवावे लागते. कूस कोणी केव्हा पालटावी, गोळी कोणी द्यावी, हे त्यांनी आपसात ठरवून घेतले नाही, तर प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. आणि आजोबा तसेच पडून राहतात.

जोतीरावांच्या मागे सत्यशोधक समाजाचे नेतृत्व सावित्रीबाईंनी केले. १८९३ साली सासवड येथे भरलेल्या समाजाच्या परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. यशवंत वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरीस लागला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे रोगी आढळले आणि थोड्याच महिन्यांत ही साथ पुण्यास येऊन पोहोचली. प्रचंड ताप, काखेत वा जांघेत गाठ, आणि पुष्कळदा काही दिवसांतच मृत्यू, असा हा रोग. त्याचे जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे ओळखले गेले होते. परंतु ते उंदरांवरील पिसवांच्या चावण्याने माणसात शिरतात, हा शोध १८९८ साली लागावयाचा होता. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत तयार केलेली लस जानेवारी १८९७ मध्ये नुकतीच स्वतःला टोचून पाहिली होती. रोग जडल्यावर त्याला बरे करील असे औषध मात्र कोणापाशीच नव्हते. शेजारी शेजाऱ्याच्या दारात जाईनासा झाला. लोक घरे सोडून रानात राहू लागले.

अशा वेळी सावित्रीबाईंनी यशवंतरावांना बोलावून घेतले. आपल्या एकुलत्या एका मुलाला प्लेगच्या तोंडी बोलावणे हे कोणत्या मातेला सोपे जाईल? ते रजा घेऊन आले. हडपसरला त्यांच्या सासऱ्यांची, म्हणजे ससाणे यांची जमीन होती. गावापासून दूर, मोकळ्या हवेच्या त्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उभा राहिला. कामाची वाटणी सरळ होती. यशवंतराव रोग्यांना तपासून उपचार करीत. त्या वेळी सावित्रीबाईंचे वय सहासष्ट वर्षांचे होते, तरी आजाऱ्यांचा शोध घेऊन त्यांना दवाखान्यात पोहोचवण्याचे आणि त्यांची शुश्रूषा करण्याचे काम त्यांनी पत्करले. डॉक्टर कितीही कुशल असला तरी रोगी त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर ते कौशल्य वाया जाते. ही दोन टोके जोडणारा माणूस प्रत्येक दवाखान्याला लागतो.

मुंढवा येथील अस्पृश्य वस्तीत पांडुरंग गायकवाड नावाचा एक मुलगा प्लेगने आजारी असल्याचे सावित्रीबाईंना कळले. दहा-अकरा वर्षांचा तो मुलगा. म्हणजे हा पाठ वाचणाऱ्या मुलांहून काहीसा लहानच. त्या वस्तीत पाऊल टाकावयास त्या काळी उच्चवर्णीय धजत नसत, आणि प्लेगच्या रोग्याला तर कोणीच शिवत नसे. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि हडपसरच्या माळावरील दवाखाना गाठला. त्यांच्या जवळजवळ पन्नास वर्षांच्या शिकवणुकीचा सारा अर्थ त्या वाटचालीत आला होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. यशवंतरावांनी उपचार केले आणि पांडुरंग वाचला.

सावित्रीबाईंना मात्र प्लेगने गाठले. जो दवाखाना त्यांनी सुरू करविला, त्याच दवाखान्याच्या डॉक्टरला आता आपल्या मातेवर उपचार करण्याची वेळ आली. १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्याच महिन्याच्या मध्यास पुण्यात गोऱ्या सैनिकांकरवी प्लेगसाठी घराघरांची झडती सुरू झाली. रोगी हुडकून काढण्याचे तेच काम, परंतु त्या बळजबरीने लोक इतके संतापले की त्यांनी आजारी माणसे लपवण्यास प्रारंभ केला.

साथ ओसरल्यावर यशवंतराव पुन्हा आपल्या नोकरीवर गेले. १९०५ साली पुण्यात पुन्हा प्लेग पसरला, तेव्हा ते परत आले आणि रोग्यांवर उपचार करू लागले. या वेळी रोग्यांना उचलून आणणारी त्यांची आई नव्हती. त्या साथीत १३ ऑक्टोबर १९०५ रोजी यशवंतरावांचाही प्लेगनेच मृत्यू झाला. प्लेगवर गुणकारी ठरणारे औषध हाती येण्यास त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे लागली.