देवाचा स्थपती : अंतोनी गाउदी

सुट्टीचा हंगाम सुरू झाला की युरोपातील रेल्वे स्थानके पाठीवर सॅक टाकलेल्या तरुण-तरुणींनी फुलून जातात. स्वस्तातले वसतिगृह, रात्रीचा बसप्रवास, दुपारी पाव आणि चीज, आणि दिवसभर पायपीट. अशा ह्या मंडळींच्या यादीत स्पेनमधील बार्सिलोना हे शहर बहुधा असतेच. २०११ साली माद्रिद येथे जागतिक युवा दिन साजरा झाला, तेव्हा भारतातूनही अनेक युवक-युवती स्पेनला गेले होते. बार्सिलोनाला जाणारे तिथे एका माणसाने बांधलेल्या इमारती पाहतात, फोटो काढतात आणि पुढच्या शहराची गाडी पकडतात. तो माणूस कोण होता, कसा जगला आणि कसा मेला, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. आज त्याचीच ओळख आम्ही करून देत आहोत.

त्याचे नाव अंतोनी गाउदी. मराठी कानाला हे नाव जरा गमतीदार वाटेल, कारण आपल्याकडे ‘गावदी’ म्हणजे अडाणी, बावळट माणूस. योगायोग असा की आयुष्याच्या शेवटी त्यांचा अवतार पाहून लोकांनीही त्यांना जवळजवळ तसेच समजले. ती हकिगत पुढे येईलच.

गाउदी ह्यांचा जन्म २५ जून १८५२ रोजी स्पेनच्या ईशान्येकडील कातालोनिया प्रांतात झाला. दुसऱ्याच दिवशी रेउस गावच्या संत पीटरच्या मंदिरात त्यांचा स्नानसंस्कार झाला. वडील फ्रान्सेस्क हे तांबट. तांब्याचा सपाट पत्रा ठोकून ठोकून त्याचा गोल हंडा कसा होतो, हे लहानगा अंतोनी तासन् तास पाहत बसे. पुढे मोठेपणी त्यांच्या इमारतींत सरळ भिंत शोधूनही सापडत नाही, त्याचे मूळ ह्या तांबटाच्या दुकानात आहे असे आम्हांला वाटते. पाच भावंडांतले हे शेंडेफळ. त्यातच लहानपणापासून संधिवाताने पाय धरलेले. इतर मुले हुंदडत, तेव्हा हा एका जागी बसून झाडे, पाने, गोगलगायी, मुंग्या निरखीत असे. कित्येकदा त्याला गाढवावर बसवून न्यावे लागे.

शिक्षणासाठी ते बार्सिलोनाला आले. घरची परिस्थिती बेताची. वडिलांनी शेतजमीन विकून मुलांच्या शिक्षणाला पैसा लावला आणि अंतोनी स्वतःही दुसऱ्या वास्तुविशारदांकडे नकाशे काढून कमाई करीत राहिले. १८७६ साली घरावर मोठाच आघात झाला. नुकताच डॉक्टर झालेला थोरला भाऊ गेला आणि पाठोपाठ आईही गेली. १८७८ साली गाउदींना वास्तुविशारदाची पदवी मिळाली. पदवी देताना महाविद्यालयाच्या संचालकांना प्रश्न पडला होता की, आपण ही पदवी एका प्रतिभावंताला देत आहोत की एका वेड्याला. त्याचे उत्तर काळच देईल, एवढे बोलून त्यांनी विषय सोडून दिला असे सांगतात.

त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात हातमोजे विकणाऱ्या एका दुकानदारासाठी गाउदींनी काचेचे कपाट बनवले. ते एउसेबी ग्वेल नावाच्या धनाढ्य कारखानदाराच्या नजरेत भरले. त्या एका कपाटातून चाळीस वर्षांची मैत्री जन्माला आली. ग्वेल ह्यांच्यासाठी गाउदींनी वाडा बांधला, बाग उभारली, कामगारवस्तीसाठी मंदिर योजले.

त्या काळचे गाउदी वेगळेच होते. अंगात उंची कपडे, हातात मोजे, बग्गीतून बांधकामावर जायचे आणि बग्गीत बसूनच सूचना द्यायच्या. नाटक-संगीताची आवड, चांगल्या खाण्याची आवड. मातारो गावच्या पेपेता मोरेऊ नावाच्या शिक्षिकेवर त्यांचे मन जडले होते. तिने नकार दिला. त्यानंतर त्यांनी लग्नाचा विचार केलेला दिसत नाही.

ह्याच सुमारास एका पुस्तकविक्रेत्याची गोष्ट सुरू होते. जोझेप मारिया बोकाबेया हे संत योसेफचे निस्सीम भक्त. समाजाच्या पापांचे प्रायश्चित्त म्हणून केवळ देणग्यांतून पवित्र कुटुंबाचे एक मंदिर बांधावे, असे त्यांच्या मनाने घेतले. १९ मार्च १८८२ रोजी, संत योसेफच्या सणादिवशी, कोनशिला बसली. पहिल्या वास्तुविशारदाचे आणि समितीचे बिनसले आणि १८८३ च्या अखेरीस काम गाउदींकडे आले. वय अवघे एकतीस. हेच ते साग्रादा फामिलिया मंदिर. गाउदींनी मंदिर बांधायला घेतले हे खरेच, पण मंदिरानेही त्यांना घडवायला घेतले.

हा बदल एका दिवसात झाला नाही. आस्तोर्गाचे बिशप ग्राऊ हे रेउसचेच. १८८६ साली त्यांचा राजवाडा आगीत जळाला, तेव्हा नवा बांधण्याचे काम त्यांनी आपल्या गाववाल्याला दिले. बिशपांच्या सहवासात गाउदींना उपासनेचा अर्थ उमगू लागला. १८९३ साली बिशप वारले, नव्या मंडळींशी जमेना, आणि गाउदी काम अर्धवट टाकून निघून गेले. पुढच्याच वर्षी, १८९४ च्या उपवासकाळात, त्यांनी इतका कडक उपवास केला की जीव धोक्यात आला. शेवटी तोराज इ बाजेस ह्या धर्मगुरूंनी खाटेपाशी बसून त्यांची समजूत घातली आणि उपवास सोडवला. हाती घेतलेले कार्य पुरे करायचे असेल, तर जगायला हवे, हे त्यांना पटले. त्यानंतरचे गाउदी म्हणजे रोजची मिस्सा, रोजचे पापनिवेदन, पालेभाजी आणि सुकामेवा एवढाच आहार, आणि झिजलेला कोट.

आस्तोर्गा आणि शेजारचे लेओन ही दोन्ही गावे सांतियागोच्या प्रसिद्ध पायी यात्रेच्या वाटेवर आहेत. लेओनमध्ये गाउदींचे कासा बोतिनेस हे घर आहे, तर आस्तोर्गाच्या त्या राजवाड्यात आता यात्रामार्गाचे संग्रहालय आहे. पाठीवर सॅक घेऊन शेकडो किलोमीटर चालणारे यात्रेकरू दमलेभागले तिथे थबकतात. पाल्मा ह्या बेटावरील शहराच्या कॅथेड्रलमध्येही त्यांनी १९०४ पासून दहा वर्षे काम केले. मंदिराच्या मधोमध असलेला धर्मगुरूंच्या गायनाचा मोठा लाकडी कक्ष त्यांनी हलवला, जेणेकरून भाविकांना वेदी दिसावी. दुसरी व्हॅटिकन परिषद अजून सुमारे साठ वर्षे दूर होती!

आता बार्सिलोनातल्या इमारतींविषयी. ज्यांच्या खिशात फार पैसे नाहीत त्यांनीही निराश होऊ नये. आतल्या प्रवेशाची तिकिटे महाग असतात, पण गाउदींचे काम रस्त्यावरूनही भरपूर पाहता येते. पासेच दे ग्रासिया ह्या हमरस्त्यावर कासा बात्यो आणि कासा मिला ही दोन घरे थोड्याच अंतरावर आहेत. पहिल्याचे छप्पर अजगराच्या खवल्यांसारखे, सज्जे मुखवट्यांसारखे, खांब हाडांसारखे. दुसऱ्याची दगडी भिंत समुद्राच्या लाटेसारखी हेलकावे घेते. बार्सिलोनाच्या लोकांनी त्याला थट्टेने ‘दगडाची खाण’ असे नाव ठेवले आणि तेच आजही चालते. प्लासा रेआल ह्या चौकात त्यांनी तरुणपणी केलेले रस्त्याचे दिवे आहेत, त्यांना तर तिकीटच नाही.

कासा मिलावर गाउदींना पवित्र मरियेचा भव्य पुतळा बसवायचा होता. पण १९०९ साली बार्सिलोनात दंगल उसळली, अनेक मंदिरे आणि मठ जाळले गेले, आणि घरमालकाने भीतीने पुतळ्याला नकार दिला. गाउदींच्या मनाला ते फार लागले.

पार्क ग्वेल ही बाग मुळात श्रीमंतांची वसाहत व्हायची होती. साठ भूखंड आखले, घरे झाली फक्त दोन. व्यवहार फसला, पण शहराला बाग मिळाली. तिथला नागमोडी बाक फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांनी मढवला आहे. जे इतर लोक उकिरड्यावर टाकतात, ते गाउदी गोळा करून आणीत.

त्यांची बांधकामाची पद्धत ऐकण्यासारखी आहे. दोन खांबांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली, तर ती मध्ये झोळ खाते. तो झोळ निसर्गाने ठरवलेला असतो. गाउदींनी ग्वेल ह्यांच्या कामगारवस्तीच्या मंदिरासाठी छताला अशा शेकडो दोऱ्या टांगल्या, प्रत्येकीला शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या बांधल्या आणि त्या आकाराचे फोटो काढून उलटे धरले. खाली लोंबणारी दोरी उलटी केली की ती स्वतःचा भार स्वतः पेलणारी कमान होते! बाहेरून आधारभिंतींचे टेकू लावायची गरजच उरत नाही. ह्या एका नमुन्यावर त्यांनी जवळजवळ दहा वर्षे घालवली. त्या मंदिराचे फक्त तळमंदिर पूर्ण झाले, परंतु तिथे शिकलेले सारे साग्रादा फामिलियाच्या कामी आले. त्या मंदिराच्या आत खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्यांत दुभंगतात. आपल्याकडच्या नारळी-पोफळीच्या वाडीत उन्हाचे कवडसे पडतात, तसा तिथला उजेड.

मंदिराचा पूर्वेकडील दर्शनी भाग ख्रिस्तजन्माचा. त्यासाठी गाउदींनी शेजारीपाजारी राहणारे साधे लोक नमुन्याला घेतले, कोंबड्या-बदकांचे आणि गाढवाचेही साचे काढले. बालकांच्या हत्याकांडातील रोमन शिपायाच्या पायाला सहा बोटे आहेत, कारण ज्याच्यावरून तो घडवला त्या माणसाला सहा बोटे होती. १९०९ साली त्यांनी बांधकामाच्या आवारात कामगारांच्या व परिसरातील मुलांसाठी एक छोटी शाळाही बांधली. तिचे लाटांसारखे छप्पर पाहायला आजही जगभरचे वास्तुविशारद येतात.

म्हातारपणी एकेक जण सोडून गेला. १९०६ साली वडील, १९१२ साली सांभाळलेली भाची रोझा, १९१६ साली ते उपवास सोडवणारे तोराज, जे एव्हाना विकचे बिशप झाले होते, आणि १९१८ साली मित्र ग्वेल. गाउदींनी बाकीची सारी कामे सोडली. मंदिराचा पैसा आटला, तेव्हा ते स्वतः दारोदार फिरून देणग्या मागू लागले. मंदिराच्या निधीसाठी घरोघर जाणे म्हणजे काय, हे आपल्या धर्मग्रामातल्या जुन्या लोकांना सांगायला नको. ओळखीचे लोक त्यांना पाहून रस्ता ओलांडीत, असे सांगतात. १९२४ साली तर आपली काताल भाषा सोडून पोलिसांशी स्पॅनिश बोलायला नकार दिला म्हणून बहात्तर वर्षांच्या ह्या वृद्धाला काही तास कोठडीत बसावे लागले. त्या दिवशी ते मिस्सेलाच निघाले होते. अखेरच्या काही महिन्यांत त्यांनी मंदिराच्या कार्यशाळेतच आपली खाट टाकली. १९२५ च्या नोव्हेंबरात संत बर्नबाचा मनोरा पुरा झाला. अठरापैकी हा एकच मनोरा त्यांनी पूर्ण झालेला पाहिला.

७ जून १९२६. नेहमीप्रमाणे संध्याकाळी ते संत फिलिप नेरीच्या मंदिराकडे चालत निघाले. रस्ता ओलांडताना ट्रामचा धक्का बसला. खिशात ओळखपत्र नाही, अंगावर विटके कपडे. भिकारी समजून टॅक्सीवाल्यांनी त्यांना गाडीत घेण्याचे नाकारले. शेवटी गोरगरिबांच्या सांताक्रेऊ रुग्णालयात त्यांना नेऊन ठेवले. बार्सिलोनाचा सर्वांत थोर वास्तुविशारद त्या रात्री अनोळखी रोगी म्हणून पडून होता. इकडे ते परतले नाहीत म्हणून मंदिराचे धर्मगुरू शोधत निघाले आणि दुसऱ्या दिवशी ओळख पटली. चांगल्या रुग्णालयात हलवू, असे मित्रांनी सुचवले, पण गरिबांमध्येच राहण्याची त्यांची इच्छा होती असे सांगतात. अखेरचे संस्कार घेऊन १० जून रोजी त्यांनी प्राण सोडला. वय त्र्याहत्तर. दोन दिवसांनी निघालेल्या अंत्ययात्रेला सारे शहर लोटले होते. त्यात ते टॅक्सीवालेही असतील का, असा प्रश्न आमच्या मनात येतो.

त्यांना मंदिराच्या तळमंदिरात, कार्मेल मातेच्या वेदीपाशी पुरण्यात आले. दहा वर्षांनी, १९३६ च्या यादवी युद्धात, जमावाने तळमंदिर पेटवले, कार्यशाळा जाळली, नकाशांची राख झाली आणि प्लास्टरचे नमुने फोडून टाकले. शिष्यांनी ते तुकडे वेचून जुळवले आणि त्यांवरून काम पुढे नेले. १९७८ साली एत्सुरो सोतू हे जपानी शिल्पकार तिथे दगड फोडायला आले. गाउदी कुठे पाहत होते तिकडे पाहायचे, ह्या ध्यासातून ते पुढे स्वतः कॅथलिक झाले. ख्रिस्तजन्माच्या दर्शनी भागावरील वाद्ये वाजवणारे देवदूत त्यांचेच.

७ नोव्हेंबर २०१० रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनी मंदिराचे अभ्यंग करून त्यास बॅसिलिकेचा दर्जा दिला. २०२१ साली पवित्र मरियेच्या मनोऱ्यावर तारा उजळला. २०२५ साली प्रभू येशूच्या मधल्या मनोऱ्याने जर्मनीतील उल्मच्या मंदिराची १६१.५ मीटर उंची ओलांडली आणि साग्रादा फामिलिया जगातील सर्वांत उंच ख्रिस्तमंदिर ठरले. गाउदींनी उंची १७२.५ मीटर एवढीच ठेवली होती. शेजारच्या मोंतजुइक टेकडीपेक्षा ती मुद्दाम थोडी कमी आहे, कारण टेकडी देवाने बांधलेली!

१४ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी गाउदी ह्यांना ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. पोप महोदयांचे देहावसान त्यानंतर आठवड्याभरात झाले. धन्यवादित पदासाठी गाउदींच्या मध्यस्थीने घडलेल्या एका चमत्काराची ख्रिस्तसभेकडून खातरजमा व्हावी लागते. त्यांची समाधी जिथे आहे ते तळमंदिर आज एका धर्मग्रामाचे मंदिर आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत राहणारी माणसे तिथे मिस्सेला येतात.